तापवलेल्या पट्ट्या

माझ्या हातचा कूलर नाही असं घर या नंदनवन वस्तीत शोधून दाखवा, असं शामलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि समोरच्याने लगेच मान डोलावली नाही तर आवाज चढवून पुन्हा सांगायची. नवरा, गणपतराव, गेले तेव्हा भाऊबंद येऊन म्हणाले होते, शेड भाड्याने देऊन टाका, बाईमाणसाचं हे काम नाही. तिने सगळ्यांना चहा पाजला, त्यांच्यादेखत पदर खोचला आणि पत्रा कापायला घेतला. चौथीत शाळा सुटली होती. पण पत्र्याच्या बाबतीत कोणी काही शिकवलेलं तिला खपत नसे.

शेडच्या मधोमध स्पॉट मशीन. वरून तांब्याचं एक बोट, खालून एक. मध्ये दोन पत्रे धरायचे, पायाने पायडल दाबायचं, वीज सणकन आरपार जाते आणि टिकलीएवढ्या जागेत दोन्ही पत्रे एकजीव होतात. खिळा नाही, स्क्रू नाही. कूलरचा सगळा सांगाडा या टिकल्यांवर उभा असतो.

एप्रिल संपत आला होता. शेडमध्ये अर्धवट कूलरांची रांग लागली होती, खसच्या ताट्या भिंतीला टेकून होत्या, दारात गिऱ्हाईक ताटकळत होतं. अशा गर्दीत ऊन उतरायच्या वेळेला नात रितिका आली, बिस्किटाचा पत्र्याचा डबा छातीशी धरून. ती कॉलेजात लोखंडावरचं मोठं शिक्षण घेत होती. 'माही नात लोखंडाची डॉक्टर होऊन राहिली,' असं शामलाबाईने साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

"आजी, कॉलेजची स्पॉट मशीन जळली."

"जळणारच. दहा मास्तरं एका मशीनले हात लावतात. तिचा मालक कोण?"

"मस्करी नको करू. उद्या दुपारी माझे जोड ओढून पाहायचे आहेत. थे ओढायची मशीन मिळता मिळत नाही. उद्याची पाळी हुकली तर मग दिवाळीच्या पुढे. तोवर सगळे पास होऊन निघून जातील, अन् मी त्याच बाकावर."

"मंग इथं मार ना. तुह्या आजीची मशीन काय भाड्याची हाय?"

"आत्ताच मारू?"

"आत्ता? बाहेर कान दे. साऱ्या नागपूरचे कूलर चालू हाय, त्यातले निम्मे माह्याच हातचे. वीज कुठून उरन? आत्ता मारला तर स्पॉट कच्चा बसते. पहाटे मारू, लोक कूलर बंद करून झोपतात तवा."

रितिकाने डबा स्पॉट मशीनजवळच्या फळीवर ठेवला. टायमर आणायला तिला धरमपेठेत मैत्रिणीकडे, वेदिकाकडे जायचं होतं. वीज किती वेळ सोडायची ते तो टायमर ठरवणार होता. दारातून ती मागे वळली.

"आजी, डबा असाच राहू दे. आतल्या पट्ट्यांले हात नको लावजो."

स्कूटीचा आवाज गल्लीच्या टोकाला विरेपर्यंत शामलाबाई तशीच उभी होती. मग रुपरावकडे वळली. रुपराव तिच्याकडे गणपतरावांच्या वेळेपासून कामाला होता आणि तिच्या बोलण्याने त्याचे कान आता निबर झाले होते.

"ऐकलं काय गा? मले म्हणते हात नको लावजो. जन्म पत्र्यात गेला माहा."

"लेकरू हाय," रुपराव म्हणाला.

"लेकरू हाय म्हणूनच तं."

तिने डबा उघडला. नुसता पाहायला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बोटभर रुंद, वीतभर लांब पट्ट्या. अंगावर पुसट लाटा, जसा पत्रा कोणी घडी घालून पुन्हा उलगडला असावा. तिने एक पट्टी वाकवून पाहिली. वाकेचना. जोर लावला तर टणकन उलटून जागेवर आली. असा अडेल पत्रा तिने पाहिला नव्हता. दोन पट्ट्या एकीवर एक ठेवून उजेडाकडे धरल्या, तर मधून उजेडाची बारीक रेघ दिसली.

फट. स्पॉटच्या कामात फट म्हणजे शत्रू. पत्रे अंगाला अंग लावून बसले नाहीत तर वीज उडते, ठिणग्या येतात, पत्र्याला भोक पडतं. उद्या तो कॉलेजचा सर पट्टी हातात घेऊन म्हणेल, कोणत्या टपरीवर मारून आणले गं हे? आणि रितिका खाली मान घालून म्हणेल, आजीकडे. एवढं डोळ्यांसमोर आलं आणि शामलाबाईच्या अंगाची लाही झाली.

अडेल पत्र्यावर तिच्याकडे एकच औषध होतं. पत्रा लाल होईस्तोवर तापवायचा, चुलीच्या राखेत घालून सावकाश थंड होऊ द्यायचा, मग लाकडी हातोड्याने सपाट करायचा. सासूबाईंच्या जुन्या पितळी भांड्यांपासून ते ट्रकच्या फळक्यांपर्यंत तिने सगळं असंच नरम केलं होतं. तिने गॅसची नळी पेटवली.

"बाई, पोरगी मना करून गेली ना?"

"ती कागदावरचं शिकली गा. फट ठेवून स्पॉट मारशीन तू? मारशीन तं सांग, आजपासून तू मालक अन् मी झाडू मारते."

"मले काय," रुपराव म्हणाला. "नात तुमची, पत्रा नातीचा."

एकेक पट्टी लाल होत गेली, राखेत निजली, हातोड्याखाली सरळ झाली. शामलाबाईचा हात चालायला लागला की थांबत नसे. निम्म्या पट्ट्या झाल्या असतील नसतील, तेवढ्यात सावनेरचं गिऱ्हाईक गाडी घेऊन कूलर न्यायला आलं आणि टब गळतो का ते पाण्याने भरून दाखवा म्हणून अडून बसलं. गॅस बंद करावा लागला. तो बाबा गेल्यावर तिने उरल्यासुरल्या पट्ट्या नुसत्याच हातोड्याने ठोकल्या, आणि मग सगळ्यांवर, तापवलेल्यांवर आणि न तापवलेल्यांवर, पॉलिश पेपर फिरवला. काळे-निळे डाग गेले. सगळ्या सारख्या चकचकीत झाल्या. तिने त्या पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळल्या, आणि मनात म्हणाली, आता पाहू दे त्या सराले.

रात्री जेवायला बसल्यावर तिला राहवेना. कौतुक ऐकायला तिचे कान आसुसले होते, पण आधी विचारायला तर हवं.

"काय हाय वं तुह्या त्या पत्र्यात असं? राजाचा हाय काय?"

रितिकाचा चेहरा उजळला. घरात तिला हे कोणी विचारत नसे.

"आजी, पत्र्याच्या आत दाणे असतात. डोळ्यानं नाही दिसत. बाजारातला पत्रा म्हणजे समज खडीसाखर. मी तो खाचांच्या साच्यात दाबला, लाटा पडल्या. मग सपाट साच्यात दाबला, लाटा गेल्या. परत खाचांचा, परत सपाट. सगळा हिवाळा तेच केलं. दाबून दाबून आतल्या खडीसाखरेची पिठीसाखर झाली. दाणा जितका बारीक, तितका पत्रा कडक. वजन तेवढंच, ताकद दुप्पट."

"म्हणून वाकत नाही," शामलाबाई म्हणून गेली.

"काय?"

"काही नाही. सांग पुढं."

"आता असा पत्रा जोडायचा कसा? जोडायले आच लागते, अन् आच लागली की दाणे परत फुगतात. पिठीसाखरेची परत खडीसाखर. सगळी मेहनत पाण्यात. म्हणून स्पॉट. पापणी लवेपर्यंत काम आटोपते. टिकलीच्या भोवतालचं एक कडं तेवढं नरम पडते. थे कडं किती नरम पडते, अन् जोड ओढला तर तिथूनच फाटते का, हेच उद्या पाहायचं."

शामलाबाईचा घास हातातच राहिला.

"अन् समज, एखादी पट्टी पूर्णच तापली तं?"

"पूर्ण कशी तापेल?" रितिका हसली. "तापली तर बाजारचाच पत्रा झाला तो. त्याले काय पाहायचं. वरण वाढ ना."

तिने वरण वाढलं. पातेलं ठेवताना झाकण खाली पडलं, तर त्यावरून सुनेला बोलली. ओटा पुसला, पुन्हा पुसला. पाण्याची टाकी भरली की नाही ते पाहायच्या निमित्ताने शेडमध्ये गेली. डबा उघडला. बॅटरीच्या उजेडात पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. आपण कोणती तापवली, कोणती सोडली, ते तिलाच कळेना. तिच्याच पॉलिश पेपरने खूण पुसून टाकली होती. मग कोणाले कळन, असं एक मन म्हणालं. डोळ्याने तर कोणाला कळणार नव्हतं. पण ओढायच्या मशीनला कळणार होतं, आणि तिथे सर उभा असणार होता. तो म्हणेल, पोरी, तू हिवाळाभर केलं काय? रात्रभर तिने इतक्या वेळा कूस बदलली की पलंगाच्या पट्ट्या कुरकुरून थकल्या.

पहाटे गल्लीतले कूलर एकेक करून थांबले. एरवी तिला ही शांतता आवडायची. आज तीच कानाला टोचली. रितिका अंघोळ करून, केस बांधून शेडमध्ये हजर होती. टायमर मशीनला जोडून झाला होता. रुपराव सायकल टेकवून आत आला, डब्याकडे बघितलं, शामलाबाईकडे बघितलं, आणि तांब्याची बोटं घासायला बसला.

"बाई, सांगितलं काय?" तो हळूच म्हणाला.

"तू आपलं तांबं घास."

नव्या कामाचा पहिला स्पॉट शामलाबाईच्या पायाचा, असा शेडचा कायदा होता. आणि तो पहिला स्पॉट ठेवायचा नसतो. तो पकडीने फाडून पाहायचा. टिकली एका पत्र्यातून उपटून दुसऱ्याला चिकटून आली, तर स्पॉट पक्का. रितिकाला हा कायदा लहानपणापासून ठाऊक होता. तिने डब्यातून दोन पट्ट्या काढून आजीच्या हातात दिल्या.

"अय्या, किती चकचकीत दिसताहेत या. काल अशा होत्या?"

"पुसल्या जराशा," शामलाबाई म्हणाली. तेवढंच म्हणाली.

या दोन तरी न तापवलेल्या निघू दे, असं देवाला म्हणत तिने पायडल दाबलं. सण्ण. पट्टी शिकंज्यात धरून तिने पकडीने दुसरी ओढली. टिकली सुरेख उपटून आली. पण पट्टी केळीच्या सालीसारखी मागे वळत गेली आणि वळलेलीच राहिली.

"मस्त बसला स्पॉट," रुपराव सवयीने म्हणाला आणि जीभ चावली.

रितिकाने ती वळलेली पट्टी हातात घेतली. दोन बोटांनी सरळ केली. पट्टी निमूट सरळ झाली.

"अशी वळायले नाही पाहिजे," ती म्हणाली. "दुसरी जोडी दे."

दुसरी जोडी तशी नव्हती. ती ओढताना शामलाबाईच्या मनगटाला कळ लागली, पट्टी स्प्रिंगसारखी हिसके देत राहिली, आणि टिकलीच्या कडेने कर्रकन फाटली. रितिका एकदा या पट्टीकडे बघे, एकदा त्या. टायमर काढून पुन्हा लावला. तारा तपासल्या. मग मोडक्या कूलरच्या टबावर बसली.

"मशीन ठीक आहे. टायमर ठीक आहे. माझाच दाब सारखा बसला नाही, आजी. काही पट्ट्या कच्च्या राहिल्या. हिवाळाभर मी कच्चं काम करत होती, अन् मले कळलं नाही." तिचा आवाज अगदी सपाट होता. "सरांले फोन करते. सांगते, पाळी दुसऱ्याले द्या. असे मिसळलेले नमुने घेऊन तिथं उभं राहण्यात अर्थ नाही."

शामलाबाई उभी होती. तोंड बंद ठेवलं तर एवढ्यावर भागत होतं. पोरीने कोणी न सांगता स्वतःच दोष उचलून आपल्या डोक्यावर घेतला होता. रुपराव खोकला. तो खोकला सर्दीचा नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रितिका फोनमध्ये नंबर शोधू लागली.

"ठेव तो फोन," शामलाबाई म्हणाली. "तुहं काम कच्चं नाही. म्या तापवल्या."

रितिकाने वर पाहिलं.

"काल. तू धरमपेठले गेली तवा. फट दिसून राहिली होती मले. म्हटलं सरासमोर तुही मान खाली नको. लाल केल्या अन् राखेत घातल्या."

"सगळ्या?"

"नाही. सावनेरवाला आला म्हणून काही उरल्या. पण मंग सगळ्याच घासल्या. आता मलेच ओळखू येत नाही."

रितिका ओरडली असती तर शामलाबाईला बरं वाटलं असतं, ओरडण्याला उत्तर द्यायची तिला सवय होती. रितिकाने डबा मांडीवर घेतला, एक पट्टी काढली आणि तिच्या कोपऱ्याला अंगठ्याने दाबलं. कोपरा दुमडला. ती पट्टी तिने आजीच्या पुढ्यात फेकली. दुसरी काढली. कोपरा दबला नाही. ती आपल्या पुढ्यात ठेवली.

शामलाबाई खाली बसली. "माह्याकडे दे निम्म्या. लवकर होईन."

"हात नको लावू."

मग ती नुसती बघत बसली. नरम पट्टी पडली की 'माही' म्हणायची, कडक पडली की 'तुही', जणू मोजायला बसवलं होतं. तिसऱ्यांदा रितिकाने तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. ढीग वाढत गेले. आजीचा ढीग मोठा झाला. काल हात किती भराभर चालला होता ते आता दिसत होतं.

"पुरतील काय वं?" तिने शेवटी विचारलं.

"नाही. पण अगदीच रिकाम्या हाती नाही जाणार." रितिका उठली. बाहेर उजाडायला लागलं होतं, अजून थोड्या वेळाने लोक पुन्हा कूलर लावतील आणि वीज उतरेल. शामलाबाई आपोआप मशीनकडे निघाली. रितिकाने तिच्याकडे न बघता म्हटलं, "रुपरावकाका, पायडल तुम्ही दाबा."

रुपरावने शामलाबाईकडे पाहिलं. या शेडमध्ये तिच्यासमोर मशीनवर पाय ठेवायला त्याला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

"माह्याकडे काय पायतं? सांगितलं थे कर ना गा," शामलाबाई म्हणाली आणि अंगणात गेली.

अंगणात ती तुळशीपासून नळापर्यंत आणि नळापासून तुळशीपर्यंत फिरत राहिली. आतून सण्ण, मग थोडी शांतता, मग सण्ण. प्रत्येक आवाजाला ती थबकायची. एकदा चरचर आवाज आला आणि दारातून ठिणगी उडालेली दिसली. फटीने दगा दिला होता, काल तिला वाटलं होतं तसाच. आत जाऊन 'पाह्यलं?' म्हणावं, असं जिभेच्या टोकावर आलं. तिने नळ सोडला आणि खसाखसा तोंड धुतलं.

ऊन चढलं तेव्हा रितिका डबा घेऊन बाहेर आली. स्कूटी काढायला गेली, तर शामलाबाई दारात उभी. पायात चप्पल, डोक्याभोवती उन्हासाठी दुपट्टा गुंडाळलेला, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी जड.

"तू कुठं?"

"तुह्या सराकडे. सांगाले लागन ना, कोणं तापवल्या म्हणून. माह्या पट्ट्याबी घेतल्या सोबत. पाहू दे त्याले, आजी काय करते थे."

"काही गरज नाही. मी सांगते."

"तू सांगशीन तं माहं नाव नाही घेणार. सारं आपल्याच अंगावर घेशीन. पहाटे घेतलंच होतं." ती मागच्या सीटवर बसली, बसली म्हणजे बसलीच. "चाल. ऊन लागून राहिलं."

रितिकाने डबा तिच्याकडे दिला नाही. आपल्या दोन पायांमध्ये, स्कूटीच्या फळीवर ठेवला आणि गाडी काढली. नंदनवनाची गल्ली संपेस्तोवर शामलाबाईने 'ब्रेक लाव ना' म्हणायचं दोनदा टाळलं. चौकाच्या आधी रस्ता खोदून ठेवलेला होता. गाडी खड्ड्यात गेली, डबा घसरला, आतल्या पट्ट्या खणखणल्या. रितिकाने पाय आडवा लावून तो कसाबसा अडवला.

गाडी बाजूला घेऊन ती थांबली. क्षणभर हँडल तसंच धरून राहिली. मग डबा उचलला आणि मागे न वळता, खांद्यावरून आजीकडे दिला.

"धर. उघडजो नको."

"नाही उघडत."

शामलाबाईने फडक्यातल्या आपल्या पट्ट्या मांडीवर एका बाजूला सरकवल्या, डबा मधोमध घेतला आणि दोन्ही हात त्याच्या खालून धरले. झाकणावर एकही बोट ठेवलं नाही. गाडी पुन्हा निघाली.

"सर लय खडूस हाय काय?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"तुझ्यापेक्षा कमी," रितिका म्हणाली.